नवा रेडिएटर टाकला तरी गाडी तापते: पाणी नेमकं कुठे मुरतंय?

तक्रार साधारण अशी असते. गाडी तापत होती, पाणी कमी होत होतं, म्हणून रेडिएटर बदलायचं ठरलं. गॅरेजवाल्याने सांगितलेली मजुरी ऐकून ‘घरीच करू’ असं वाटलं. रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये भाचा, मेव्हणा किंवा समोरचे काका मदतीला आले. नवा रेडिएटर बसला, गाडी सुरू झाली, चहा झाला. आठवड्याभरात तापमानाचा काटा पुन्हा वर. मग पार्टवाल्याच्या दुकानात जाऊन ‘डुप्लिकेट माल दिलात’ म्हणून भांडण.

बहुतेक वेळा माल ठीक असतो. रेडिएटर काढणं-घालणं म्हणजे चार-सहा बोल्ट, दोन जाड होज पाइप आणि पंख्याचं सॉकेट. त्यात फार डोकं लागत नाही. डोकं लागतं ते सुरुवातीला, दोष रेडिएटरचाच आहे याची खात्री करताना, आणि शेवटी, पाणी भरून आतली हवा काढताना. सोबत नवखा माणूस असला की नेमकी याच दोन टोकांना घाई होते. त्याला पाना फिरवायचा असतो आणि आपल्याला त्याच्यासमोर काम उरकून दाखवायचं असतं.

खालचं सगळं छोट्या पेट्रोल गाड्यांबद्दल आहे: विजेवरचा पंखा, पुढे एसीचा कंडेन्सर (एसीचा गॅस थंड करणारी जाळी), त्याच्या मागे रेडिएटर, गिअर मॅन्युअल. टॉर्क कन्व्हर्टरच्या ऑटोमॅटिक गाड्यांत गिअरबॉक्सचं तेल थंड करणारे पाइप बऱ्याचदा रेडिएटरच्याच टाकीतून जातात. तिथे काम वेगळं होतं, नवख्या माणसाला घेऊन त्या वाटेला जाऊ नका.

आधी दोषी कोण ते ठरवा

गाडी तापते कधी, हा पहिला प्रश्न. सिग्नलला आणि ट्रॅफिकमध्ये तापते, पण हायवेला लागली की काटा खाली येतो, तर हवा कमी पडते आहे. पंखा, त्याचा फ्यूज, रिले, टेंपरेचर सेन्सर बघा. रेडिएटर बहुधा निर्दोष आहे. शहरात ठीक आणि हायवेला किंवा घाटात काटा चढतो, तर पाणी पुरेसं फिरत नाही किंवा फिरूनही उष्णता बाहेर टाकत नाही. म्हणजे चोक झालेला रेडिएटर, अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की रेडिएटरकडची वाट उघडणारा वाल्व) किंवा पाती झिजलेला वॉटर पंप. कुंभार्ली किंवा आंबेनळी चढताना दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन पूर्ण जोर लावतं आणि समोरून वारा मात्र मिळत नाही, म्हणून अर्धा चोक झालेला रेडिएटर पहिल्यांदा तिथेच उघडा पडतो.

काटा ठीक आहे पण पाणी कमी होतंय, असं असेल तर गळती शोधा. एसी चालू असताना पुढच्या डाव्या सीटच्या बाजूला खाली पडणारं स्वच्छ पाणी एसीचं असतं, ते बघून घाबरू नका. कूलंट, म्हणजे रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचं रसायन, बोटांना बुळबुळीत लागतं आणि त्याला रंग असतो. हल्लीच्या रेडिएटरची जाळी ॲल्युमिनियमची आणि वरच्या-खालच्या किंवा बाजूच्या टाक्या प्लास्टिकच्या असतात. मध्ये रबरी सील ठेवून पत्र्याची कड दाबून त्या जोडलेल्या असतात. वय झालं की याच कडेतून पाणी येतं. दाब आल्यावरच येतं आणि गरम जागेवर लगेच वाळतं, त्यामुळे जमिनीवर थेंब दिसत नाही. दिसतो तो कडेला धरलेला पांढरट, हिरवट किंवा गुलाबी थर. पद्मिनी-अँबेसिडरचे पितळी-तांब्याचे रेडिएटर डाग देऊन, सळया घालून साफ करून वर्षानुवर्षं चालवता यायचे. या प्लास्टिकच्या टाकीवर एपॉक्सी लावून आणलेला दिवस हा उसना दिवस असतो.

रेडिएटरशिवाय आणखी जागा बघायच्या. वॉटर पंपाच्या खाली एक बारीक भोक असतं. आतला सील गेला की तिथून ओघळ येतो. पुढच्या पायाखालचं कार्पेट ओलं आणि काचेवर आतून चिकट धुकं, गाडीत गोडसर वास, तर हीटरची जाळी गळते आहे. होज पाइप गळ्यापाशी, म्हणजे रेडिएटरच्या ज्या तोंडावर तो चढतो तिथे, दाबून बघा. भेगा असतील किंवा हाताला फुगीर-पोचट लागला तर तो बदला, रेडिएटर राहू द्या.

आणि झाकण. हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो आत किती बार दाब धरायचा तो. ०.९ बारच्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास उकळतं. अर्धं पाणी, अर्धं कूलंट असेल तर १२५ च्या पुढे. झाकणाचं रबर गेलं की दाब धरत नाही आणि मिश्रण १०७ अंशांवरच उकळायला लागतं. नुसतंच पाणी भरलेलं असेल तर आणखी आधी: महाबळेश्वरच्या उंचीवर, साधारण १३५० मीटरवर, उघडं पाणी ९५-९६ अंशांना उकळतं, आणि इंजिनाचं नेहमीचं तापमानही तेवढंच असतं. म्हणजे गाडीत काहीही बिघाड नसताना, केवळ झाकणापायी, ती वर चढून उकळू शकते. रेडिएटरच्या आधी झाकण बदलून आठवडाभर बघा. बदलताना आकडा जुळवून घ्या, ‘जास्त आकडा तो चांगला’ असं काही नसतं. सकाळी थंड इंजिनावर वरचा होज पाइप चपटा झालेला दिसला तर झाकणातला उलटा वाल्व अडकला आहे किंवा जादा कूलंटच्या बाटलीकडे जाणारी नळी चोंदली आहे.

दोन सल्ले ऐकायला मिळतील, दोन्ही सोडून द्या. पहिला, रेडिएटरमध्ये हळद टाकणं. रस्त्यात अडकलेल्या ट्रक ड्रायव्हरचा हा जुना उपाय आहे आणि बारीक गळती त्याने थोडा वेळ थांबतेही. पण ज्या नळ्यांतून पाणी फिरायचं त्यांतही तोच गाळ बसतो, हीटरच्या जाळीत तर आधी. तुमच्या गाडीत आधीच्या मालकाने हे केलं असेल तर झाकणाखाली पिवळट-तपकिरी चिखल दिसेल. मग नुसता रेडिएटर बदलून भागणार नाही, इंजिनातूनही पाणी मारून काढावं लागेल. दुसरा सल्ला काकांचा: ‘थर्मोस्टॅट काढूनच टाक, आपल्याकडे थंडी कुठे आहे?’ थर्मोस्टॅट थंडीसाठी नसतो, इंजिन लवकर ठरलेल्या तापमानाला आणून तिथे ठेवण्यासाठी असतो. तो काढला की गाडीच्या कॉम्प्युटरला इंजिन थंडच वाटत राहतं, पेट्रोल जास्त सुटतं, ॲव्हरेज पडतं. काही इंजिनांत तर त्याच्या जागी मोकळी राहिलेली बायपासची वाट पाण्याला रेडिएटर टाळून परत नेते आणि गाडी अधिक तापते.

मदतनीस: पाना कमी, डोळे जास्त

माझ्या मदतीला भाचा होता, मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षातला. इंजिनाच्या उष्णतेचं गणित मला समजावू शकेल असा, पण डाव्या हाताने उलटा पाना धरणारा. अशा मदतनिसाला काम द्यायचं ते विचार करून द्यावं लागतं. ‘तू तिकडचे बोल्ट खोल’ असं म्हटलं तर तो दिसेल तो बोल्ट खोलतो. ‘मामा, हा पण काढू का?’ असं त्याने विचारलं तेव्हा त्याचा पाना एसीच्या पाइपच्या जोडावर होता. आत दाबाखालचा गॅस असतो. सुटला तर हातावर, डोळ्यांवर बर्फासारखा भाजतो, आणि एसी भरण्याचा खर्च वेगळा. तेव्हापासून नियम असा की ज्याला पिवळी टेप लावली आहे त्याला हात लावायचा नाही. काम सुरू करण्याआधीच एसीचे दोन्ही पाइप, त्यांचे जोड आणि कंडेन्सरचे बोल्ट टेपने गुंडाळून ठेवले की दिवसभर ओरडावं लागत नाही.

नवख्याला द्यायच्या कामांत फोटो काढणं पहिलं. प्रत्येक गोष्ट सोडवण्याआधी एक जवळून, एक लांबून. क्लिपचं तोंड कुठे होतं, वायर कशाच्या मागून गेली होती, फोमची पट्टी कुठल्या कडेला होती, हे संध्याकाळी कोणालाच आठवत नाही. दुसरं, बोल्ट सांभाळणं: चहाचे कागदी कप, त्यावर मार्करने नाव, ‘वरचा ब्रॅकेट’, ‘पंखा’. सगळे १० नंबरच्या पान्याचे असले तरी लांबी वेगळी असते, आणि लांब बोल्ट छोट्याच्या जागी घातला की पंख्याच्या चौकटीचा बोल्ट सरळ नव्या जाळीत घुसतो. नवा रेडिएटर पहिल्याच दिवशी गळण्याचं हे एक खरंखुरं कारण आहे. तिसरं काम पाणी भरतानाचं, ते पुढे.

गाडीची किल्ली मात्र तुमच्या खिशात. आत बसून ‘बघू सुरू होते का’ म्हणून कोणी स्टार्टर मारायचा नाही. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून बाजूला बांधा, कारण काही गाड्यांत किल्ली बंद असतानाही गरम इंजिनावर पंखा अचानक फिरतो. गाडी उचलावी लागली तर नुसत्या जॅकवर कोणीही खाली जायचं नाही, घोड्या (लोखंडी स्टँड) लावूनच. आणि गरम असताना झाकण उघडायचं नाही, फडकं धरूनसुद्धा नाही. काम सकाळी, रात्रभर थंड झालेल्या गाडीवर सुरू करा.

काढताना

खाली जुना फ्लेक्स अंथरा, त्यावर घमेलं किंवा मोठी परात. खालचा ड्रेन कॉक प्लास्टिकचा असतो आणि जुना झालेला असतो, त्याला पक्कड लावून पिळाल तर तो तुटून अर्धा आत राहील. जुना रेडिएटर फेकायचाच आहे म्हणून इथे फार जपायचं कारण नाही, पण त्याच ताकदीने नव्याचा कॉक आवळू नका. तो नुसत्या बोटांनी. पाणी अडवतो तो त्याचा ओ-रिंग, ताकद नाही.

होज पाइप गळ्याला चिकटलेला असतो. ओढायचा नाही, आधी पिळून सोडवायचा. तो बदलणारच असाल तर ब्लेडने उभा चिरा आणि सोला. कूलंट जमिनीवर सांडलं तर लगेच पाणी ओतून पुसा: त्यातलं इथिलीन ग्लायकॉल गोड लागतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि थोड्याशा प्रमाणातही मरतात. घमेल्यातलं कूलंट झाकणाच्या कॅनमध्ये, वर ‘विष’ लिहून, गटारात नाही. जवळच्या गॅरेजवाल्याला द्या, तो जुन्या ऑइलबरोबर ठेवतो.

पंखा त्याच्या चौकटीसकट वर येतो. मग वरचे दोन ब्रॅकेट काढले की रेडिएटर खालच्या रबरी बुशांवरून सरळ वर उचलायचा. इथे दोन माणसं लागतातच. एक उचलणारा आणि दुसरा कंडेन्सर व रेडिएटरच्या मध्ये पुठ्ठा सरकवणारा, नाहीतर वर येताना कोपरा कंडेन्सरला घासतो आणि एसीचं काम ओढवतं. काही गाड्यांत कंडेन्सर रेडिएटरलाच अडकवलेला असतो. त्याचा भार पाइपांवर येऊ नये म्हणून सुतळीने वर बांधून ठेवा. खालचे रबरी बुश जुन्याबरोबर निघून येतात आणि भंगारात जातात. ते काढून नव्याच्या खुंट्यांना घाला.

बसवताना

नवा आणि जुना शेजारी उभे करा. गळ्यांची जाडी, खुंट्या, पंख्याची भोकं, ड्रेन कॉकची बाजू. याच वेळी गळ्यांना लावून आलेली प्लास्टिकची बुचं काढा. हसू नका, बुचावरच होज पाइप चढवलेला असतो आणि मग इंजिन पाच मिनिटांत तापतं.

रेडिएटरच्या दोन्ही बाजूंना आणि वर फोमच्या किंवा रबराच्या पट्ट्या असतात. मदतनीस त्या ‘जुन्या कचऱ्यात’ टाकतो. समोरून आलेली हवा जाळीतूनच जावी, बाजूच्या फटीतून निसटू नये, आणि मागची गरम हवा फिरून पुढे येऊ नये, एवढंच त्यांचं काम. त्या नसल्या तर हायवेला काही कळत नाही, पण मे महिन्यात एसी लावून सिग्नलला उभी असलेली गाडी तापायला लागते. नवा रेडिएटर टाकूनही ‘फक्त एसी लावला की तापते’ म्हणणाऱ्यांनी आधी या पट्ट्या शोधाव्यात. नसतील तर दरवाज्याला लावायच्या फोमच्या पट्टीने काम भागतं.

क्लिपची गोष्ट जास्त बारकाईने बघा, गळती पुन्हा होण्याचं हे ठिकाण आहे. गळ्याच्या तोंडाशी एक उंचवटा असतो. होज पाइप तो ओलांडून पूर्ण आत गेला पाहिजे आणि क्लिप त्या उंचवट्याच्या मागे बसली पाहिजे. नवखा माणूस क्लिप उंचवट्यावरच आवळतो. दिसायला घट्ट दिसते, दाब आला की पाइप पुढे सरकतो. कंपनीच्या स्प्रिंगच्या क्लिप चांगल्या असतील तर त्याच परत वापरा, रबर गरम-थंड होताना त्या आपोआप धरून राहतात. स्क्रूची क्लिप घातली तर ती प्लास्टिकच्या गळ्यावर आहे हे विसरू नका, अति आवळली की गळ्यालाच चीर जाते. पाइप चढत नसेल तर त्याचं टोक गरम पाण्यात बुडवा, गळ्याला कूलंटचं बोट लावा. ऑइल किंवा ग्रीस लावू नका, हे रबर त्याने फुगतं.

ब्रॅकेटचे बोल्ट पत्र्यात नाहीतर प्लास्टिकमध्ये जातात. पहिले तीन-चार फेरे बोटांनी, मग पाना. सुरुवातीलाच पाना लावला की बोल्ट तिरका जातो आणि आटे जातात.

पंख्याचं सॉकेट ‘टक’ असा आवाज येईपर्यंत दाबा. वायर कापून जोडायची वेळ आली असेल तर पंखा उलटा फिरत नाही ना ते बघा. हे पाणी भरून झाल्यावर करायचं: गाडी सुरू करून एसी लावा, पंखा फिरायला लागला की समोरच्या जाळीपाशी वर्तमानपत्राचं पान धरा. ते जाळीला चिकटलं पाहिजे. बाहेर ढकललं गेलं तर वायर उलट्या आहेत: ट्रॅफिकमध्ये तो पंखा गरम हवा पुढे फेकेल आणि हायवेला समोरून येणाऱ्या वाऱ्याशी भांडेल.

पाणी भरणं हेच खरं काम

‘आपल्याकडे कुठे बर्फ पडतं, साधं पाणी चालतं’ हे आजही ऐकू येतं. अर्ध्या-अर्ध्या मिश्रणाला उणे ३७ अंशांपर्यंत गोठू न देणं हा कूलंटचा गुण महाराष्ट्रात बिनकामाचा आहे, कबूल. पण त्यातली गंजरोधकं ॲल्युमिनियमची जाळी आणि इंजिनाचं हेड (सिलिंडरवरचा भाग) वाचवतात, आणि उकळण्याचा बिंदू वर नेतात. बोअरचं पाणी तर अजिबात नको. ज्या पाण्याने बादलीला पांढरा थर धरतो तो थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही धरतो. जुना रेडिएटर चोक झाला तो बहुधा यानेच. पाणी मिसळायचं ते बॅटरीचं, म्हणजे क्षार काढलेलं.

कूलंट तयार मिश्रणाचं आहे की दाट, हे डब्यावर वाचा. इथे एक हिशेब चुकतो. छोट्या गाडीत एकूण चार-पाच लिटर मावतं, पण खालून सोडल्यावर सगळं बाहेर येत नाही. इंजिनाच्या पोटात आणि हीटरमध्ये बरंच राहतं. तुम्ही साधं पाणी मारून सगळं धुतलं असेल तर आत राहिलं आहे ते साधं पाणीच. त्यावर तयार मिश्रण ओतलं की ते पातळ होतं. म्हणून धुतल्यावर आधी गाडीच्या मॅन्युअलमधल्या (माहितीपुस्तिकेतल्या) एकूण मापाच्या निम्मं दाट कूलंट भरा आणि उरलेली जागा बॅटरीच्या पाण्याने. रंगावर विश्वास ठेवू नका. हिरवं, लाल, निळं हे कंपनीचे रंग आहेत, जात नव्हे. मॅन्युअलमध्ये सांगितलेला प्रकार घ्या आणि दोन वेगळे प्रकार एकत्र करू नका.

आता हवा. इंजिनाच्या वळणावळणाच्या वाटांत, हीटरच्या जाळीत, थर्मोस्टॅटच्या मागे हवा अडकते. शिशीत तेल ओतताना तोंडाशी अडकतो तसा बुडबुडा. थर्मोस्टॅटच्या आत मेण असतं, ते गरम पाण्याच्या स्पर्शाने वितळून वाल्व उघडतं, साधारण ८२ किंवा ८८ अंशांना. त्याच्याभोवती हवा असेल तर तो उशिरा उघडतो किंवा उघडत नाही. इंजिनातलं पाणी उकळत असतं आणि रेडिएटर थंड असतो. टेंपरेचरचा सेन्सर हवेच्या पोकळीत आला तर आणखी वाईट: काटा उलट खाली दाखवतो. ‘काटा तर नॉर्मल होता आणि अचानक वाफ आली’ ही तक्रार इथली. थर्मोस्टॅट नवा घातला असेल तर त्याच्या चकतीतली छोटी हलती पिन वरच्या बाजूला आहे ना ते बघा, ती हवा जाण्यासाठीच ठेवलेली असते.

करायचं असं. गाडीचं तोंड चढाला ठेवा. पार्किंगचा रॅम्प उत्तम, हँडब्रेक ओढून चाकांना विटा लावून. हीटरचा नॉब पूर्ण गरमवर. आपण हीटर वर्षानुवर्षं लावत नाही, आणि काही गाड्यांत नॉब थंडवर असला की हीटरकडचा वाल्व बंदच असतो, तिथली हवा मग तिथेच राहते. रेडिएटरच्या तोंडातून बारीक धारेने भरा, मध्ये मध्ये वरचा होज पाइप हाताने दाबा. बुडबुडे येतात, पातळी खाली जाते, पुन्हा भरा. घाईने ओतलेलं कूलंट तोंडाशी येऊन ‘भरलं’ असं भासवतं. साडेचार लिटरच्या गाडीत अडीच लिटरच गेलं असेल तर ती भरलेली नाही. किती सोडलं आणि किती गेलं हे मोजा. परातीतलं माप घ्यायचं काम मदतनिसाचं.

मग बॅटरी जोडा आणि झाकण उघडं ठेवूनच इंजिन सुरू करा, तोंडाशी कापलेल्या बाटलीचं नरसाळं घट्ट बसवून. आता भाच्याला ड्रायव्हरच्या सीटवर बसवा आणि आकडे वाचायला सांगा. हल्लीच्या बऱ्याच छोट्या गाड्यांना टेंपरेचरचा काटाच नसतो, निळा आणि लाल दिवा तेवढा; लाल लागेपर्यंत उशीर झालेला असतो. ओबीडी सॉकेटमध्ये (गाडीच्या कॉम्प्युटरला यंत्र जोडायची जागा) ब्लूटूथचं छोटं यंत्र लावलं की फोनवर इंजिनाचं तापमान दिसतं. नवख्या माणसाला देण्याजोगं याहून चांगलं काम नाही: दर मिनिटाला आकडा मोठ्याने बोलायचा, १०५ झाला की न विचारता इंजिन बंद करायचं. तुम्ही पुढे उभे राहून बुडबुडे बघता, त्यामुळे दोघांचेही डोळे कामाला लागतात. चेहरा नरसाळ्यावर आणू नका, थर्मोस्टॅट उघडतो तेव्हा गरम पाणी उसळी मारतं.

थर्मोस्टॅट उघडल्याची खूण म्हणजे थंड असलेला रेडिएटरकडचा होज पाइप एकाएकी गरम होणं आणि तोंडातली पातळी खाली जाणं. पंखा लागून बंद झाला, पुन्हा लागून बंद झाला, बुडबुडे थांबले, हीटरमधून कढत हवा आली, की हवा निघाली. हीटर थंड फुंकत असेल तर निघालेली नाही, बाकी सगळं कितीही ठीक दिसू दे. झाकण लावा, बाटलीत ‘फुल’च्या खुणेपर्यंत भरा, आणि गाडी पूर्ण थंड होऊ द्या. थंड होताना रेडिएटर बाटलीतून ओढून घेतो, म्हणून सकाळी पातळी थोडी उतरलेली असणं बरोबर आहे. पुन्हा भरा आणि बाटलीवर टेपची खूण करा.

काही गाड्यांत रेडिएटरवर झाकणच नसतं, दाबाचं झाकण बाटलीवर असतं. तिथे बाटलीतूनच भरायचं आणि हवा सोडायचा वेगळा स्क्रू असेल तर तो कुठे आहे ते मॅन्युअलमध्ये बघायचं. तो न उघडता तासभर इंजिन चालवलं तरी हवा निघत नाही.

तरीही तापली तर

पहिले काही दिवस गावातच फिरवा. दरवर्षी गणपतीच्या आदल्या रात्री रेडिएटर बदलून पहाटे कोकणात निघणारे लोक असतात आणि त्यांतले काही घाटात बॉनेट उघडून उभे दिसतात. रोज सकाळी थंड गाडीवर टेपची खूण बघा, आणि जोडांना कोरडा टिश्यू पेपर लावून बघा. ओघळ डोळ्यांना दिसण्याआधी कागदावर डाग येतो.

खूण दोन-तीन सकाळी उतरून स्थिर झाली, तर ती उरलेली हवा होती. रोज तेवढीच उतरत राहिली आणि कागद कोरडा, कार्पेट कोरडं, तर झाकण. तेही नवं असेल तर प्रेशर टेस्टर लावून घ्या. हातपंपासारखं यंत्र झाकणाच्या जागी बसतं, थंड इंजिनावरच दाब देता येतो, आणि काटा उतरला की गळती शोधायची. रेडिएटरचं काम करणाऱ्या बहुतेक दुकानांत ते असतं. ही तपासणी रेडिएटर विकत घेण्याआधी केली असती तर बऱ्याच जणांचे पैसे वाचले असते.

हायवेला वर जाते, वरचा होज पाइप कढत आणि खालचा जवळजवळ थंड: थर्मोस्टॅट अडकला आहे किंवा हवा आहे. दोन्ही पाइप सारखेच कढत आणि तरी वर जाते: जाळीतून वारा जात नाही. पंखा, पट्ट्या, आणि कंडेन्सर-रेडिएटरच्या मध्ये साठलेला पाला-चिखल. तो कमी दाबाच्या पाण्याने मागून पुढे धुवा. गाडी धुवायच्या प्रेशर गनने जाळीची पातळ पाती लोळतात.

एक लक्षण मात्र वेगळं ठेवा. पूर्ण थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरात, पाणी कोमट व्हायच्या आत, वरचा होज पाइप दगडासारखा कडक होतो. किंवा झाकण उघडं असताना बुडबुडे थांबतच नाहीत, इंजिनाचा वेग वाढवला की वाढतात. सिलिंडरमधला गॅस पाण्यात येतो आहे, हेड गॅस्केट (हेड आणि इंजिनाच्या मधलं सील) गेलं आहे. डिपस्टिकवर दुधाळ ऑइल किंवा सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर असेल तर शंकाच नको, पण ते नसलं म्हणून गॅस्केट ठीक आहे असंही नाही. गॅरेजमध्ये निळं रसायन असलेली नळी रेडिएटरच्या तोंडावर धरतात, जळलेला गॅस असेल तर निळ्याचं पिवळं होतं. तसं झालं तर गाडी चालवत नेऊ नका, टोइंग बोलवा. हेड काढून ते वाकलं आहे का बघावं लागतं, गरज पडली तर सरफेसिंग (पृष्ठभाग घासून सपाट) करावं लागतं, आणि ते काम पार्किंगमध्ये होत नाही.